काटकपणावर कारखाना चालवू नका
सांगली-साताऱ्यातील साखर कारखान्यांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, संचालक मंडळ आणि कार्यकारी संचालक,
सांगली व सातारा जिल्ह्यांतील सर्व सहकारी आणि खासगी साखर कारखाने

स. न. वि. वि.

बॉयलर पेटायला अजून अवकाश आहे, पण तुमचा हंगाम खरे तर सुरू झालेला आहे. वाहतूकदारांचे करार होत आहेत, ऊसतोड मजूर पुरवणारे मुकादम उचलीचे, म्हणजे आगाऊ रकमेचे, हप्ते मागत आहेत, आणि जत, आटपाडी, माणपासून पाथर्डी-आष्टीपर्यंत व पलीकडे मध्य प्रदेशातल्या बडवानी-खरगोनपर्यंत कोणत्या कोयत्यावर (तोडणाऱ्या जोडीवर) किती रक्कम चढवायची हे ठरत आहे. म्हणून हे पत्र आत्ता. मोळीपूजन झाल्यावर काही सुचवले की गट ऑफिसातून ठरलेले उत्तर येते, ‘आता भर हंगामात कुठं बदल करता?’

ऊसतोड टोळ्यांच्या पाण्याचा, उजेडाचा, संडासाचा विषय निघाला की बैठकीत एक वाक्य हमखास पडते, ‘ही माणसं लई काटक, त्यांना सवय असते.’ काटक आहेत यात शंका नाही. पहाटे तीनला उठून भाकरी थापायची, अंधारात फडात शिरायचे, दुपारपर्यंत तोडायचे, आणि रात्री उशिरा ट्रॅक्टर आला की मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढायचे, हे शंभर दिवस करणाऱ्याला दुसरा शब्दच नाही. पण हा चिवटपणा त्यांनी स्वतःच्या जिवावर कमावलेला आहे. कारखान्याने पुरवायच्या सोयींऐवजी तो हिशेबात धरायचा नसतो. आणि सवय कुणाला असते, हेही एकदा बघा. प्रयोगशाळेतल्या केमिस्टला किंवा काट्यावरच्या कारकुनाला कुणी ओढ्याचे पाणी प्यायला सांगत नाही. ते सांगितले जाते बंजारा, वंजारी, मांग, महार, पारधी, भिल-बारेला टोळ्यांना, आणि त्यांच्याबरोबर आलेल्या दुष्काळी भागातल्या भूमिहीन मराठा-धनगरांना. सवयीचा हा दाखला बहुतेक वेळा जात पाहून दिला जातो.

आधी पैशाचे बोलू, कारण बाकी सगळे त्यात अडकलेले आहे.

जानेवारी 2024 च्या समझोत्यात तोडणीदरात 34 टक्के वाढ झाली आणि डोकी सेंटरचा, म्हणजे मोळ्या डोक्यावरून वाहून गाडी भरणाऱ्या टोळ्यांचा, दर टनाला 273 वरून सुमारे 366 रुपयांवर गेला. चांगल्या, उभ्या उसात एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवसाला दीड ते दोन टन तोडते. दोन टन धरले तरी 732 रुपये, दोघांचे मिळून, आणि कामाचे तास बाराच्या खाली क्वचितच. रोजगार हमीचा 2025-26 चा महाराष्ट्रातला केंद्राचा दर माणशी 312 रुपये होता, म्हणजे दोघांना 624. फरक इतकाच, आणि तिकडे रात्रीची भराई नाही.

आता उचल लाख रुपये धरा. 366 ने भागले तर 273 टन होतात. रोज दोन टन, एकही खाडा नाही, असे 137 दिवस. अलीकडचे हंगाम शंभर दिवसांच्या आतबाहेर आटोपतात. शंभर दिवसांत 200 टन म्हणजे 73,200 रुपये. उचलीतले 26,800 तिथेच राहिले. त्यात दर आठवड्याची खर्ची मिळवा. आठवड्याला 1,500 धरली तरी चौदा आठवड्यांची 21,000. म्हणजे पूर्ण हंगाम न थकता, न आजारी पडता काम करणारी जोडी गावी जाताना 47,800 रुपये देणे घेऊन जाते. वाढे (उसाचे हिरवे शेंडे) विकून आलेले पैसे मीठ-मिरचीला जातात. पुढच्या वर्षी ‘बाकी’ पोटी तोच मुकादम, तोच कोयता. कर्जापोटी काम सोडून जाण्याची मुभा नसणे याला 1976 चा कायदा वेठबिगारी म्हणतो आणि असे कर्ज रद्द ठरवतो. तुमच्या कागदावर ती रक्कम वाहतूकदाराच्या नावावर दिसते, म्हणून वेठबिगारीचा प्रश्न तुमच्यापर्यंत पोचत नाही, एवढेच.

दुसरी बाजूही खरी आहे. आपल्या पट्ट्यात ट्रॅक्टरमालक कर्ज काढून मुकादमाला लाखोंनी रुपये देतो आणि टोळी येतच नाही. कित्येक वाळवेकर-कराडकर वाहतूकदार यात बुडाले. मग वसुलीला गावी जाणे, माणसे गाडीत घालून आणणे, पोलीस केस, हे सगळे होते. पण लक्षात घ्या, मजूर आणि वाहतूकदार दोघेही एकाच जागी फसतात. रोख रक्कम मुकादमाच्या हातात एकरकमी पडते आणि ती खाली किती पोचली याची नोंद कुणाकडेच राहत नाही.

यावर करता येण्यासारखे असे आहे. उचलीला मर्यादा घाला, शंभर दिवसांच्या मजुरीच्या निम्मी, म्हणजे या दराने साधारण 36,000 रुपये. ती तीन हप्त्यांत, थेट बँक खात्यावर, निम्मी नवऱ्याच्या आणि निम्मी बायकोच्या. पहिला हप्ता करारावेळी, दुसरा दसऱ्याला, तिसरा टोळी फडावर उतरल्यावर. पंधरवडा बिलातले निम्मे पैसे फेडीला वळवा, निम्मे हातात द्या. मग खर्चीसाठी मुकादमापुढे हात पसरावा लागत नाही आणि हंगाम संपताना बाकी शून्यावर येते. मुकादमाचे कमिशन, जे 2024 च्या समझोत्यात 20 टक्के झाले, ते वेगळे दाखवा आणि वेगळे द्या.

यात तीन ठिकाणी घोटाळा होतो. खाते मजुराचे असते पण मोबाइल नंबर मुकादमाचा आणि एटीएम कार्ड त्याच्या खिशात. म्हणून टोळी उतरल्यावर आठवड्याच्या आत बँक मित्राला फडावर बोलवून नंबर तपासा आणि कार्ड ज्याचे त्याच्या हातात आहे का ते बघा. दुसरे, मर्यादा घातली की जूनमधल्या पेरणीला आणि लग्नाला लागणारा पैसा गावातला सावकार देतो, तोही मुकादमाच्याच ओळखीने. पहिला हप्ता त्यामुळे मे-जूनमध्येच गेला पाहिजे, सप्टेंबरात नव्हे. तिसरे सगळ्यात मोठे. एकट्या कारखान्याने मर्यादा घातली तर मुकादम टोळी घेऊन सीमेपलीकडे कर्नाटकात किंवा शेजारच्या कारखान्यावर जातो आणि शहाणपणा करणाऱ्याचे गाळप बसते. हे पत्र एकाला न लिहिता दोन्ही जिल्ह्यांतल्या सगळ्यांना लिहिले, त्याचे कारण हेच. उसाची पळवापळवी थांबवायला तुम्ही एकत्र बसता, तसे यासाठी बसा.

वजनाचेही बघा. काट्यावर गाडी रिकामी झाली की शेतकऱ्याच्या मोबाइलवर टनेजचा मेसेज जातो. संगणक तोच, पावतीवर टोळीचा कोडही असतोच. त्याच मेसेजला टोळीतल्या दोन नंबरांची भर घालायला खर्च नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आवाजी कॉल, मराठीत, हिंदीत आणि गोरमाटी या बंजारा बोलीत. एका खेपेत दोन टोळ्यांचा ऊस भरला असेल तर मात्र वजन फडावरच वाटून चिटबॉयने, म्हणजे फडावरच्या कारखान्याच्या नोंदणीसाने, पावतीवर लिहिले पाहिजे, नाहीतर हिशेबाच्या दिवशी दहा-वीस टन कुठे गेले ते कधीच कळत नाही. टोळीला आमचे सांगणे असते की, रोजच्या खेपा वहीत लिहा, लिहिता येत नसेल तर रेघा मारा, आणि वही मुकादमाकडे ठेवू नका. पण मजुराच्या रेघांवर विश्वास ठेवायचा तर पडताळायला छापील कागद तुम्हीच दिला पाहिजे. शेवटचा हिशेब शेती ऑफिसात, टोळी निघण्याआधी, दोघांच्या सही-अंगठ्याने व्हावा. त्या कागदावर खाड्याचा रकाना नको. आजारी पडले, पाळी आली, लेकरू तापले म्हणून दिवस बुडाला की 500 रुपये, कुठे त्याहून जास्त कापले जातात. दिवसाची मजुरी गेलीच, वर दंड. नुसते ‘खाडा बंद’ असे परिपत्रक काढून भागत नाही, कारण तो उन्हाळ्यात गावाकडच्या हिशेबात वसूल होतो. छापील हिशेबात बाकी शून्य लिहिलेली असली तरच ती वसुली अडते.

पाणी. दहा कोयत्यांची टोळी म्हणजे वीस मोठी माणसे आणि दहाएक लेकरे. आपत्तीतल्या छावण्यांसाठीसुद्धा जगभर माणशी दिवसाला किमान 15 लिटर पाणी धरतात. त्या मापाने टोळीला रोज 450 लिटर, म्हणजे पाचशेची एक टाकी. शिवाय फडात पिण्यासाठी मोठ्या माणसाला सहा लिटर, वीस जणांचे 120, म्हणजे वीस लिटरचे सहा जार. टाकी गट ऑफिसजवळ किंवा गावाच्या वेशीवर ठेवून उपयोग नाही. फड बदलतो, टोळी तीन-चार किलोमीटर पुढे सरकते आणि टाकी मागे राहते. ती छोट्या ट्रेलरवर बसवा, दोन टोळ्यांत एक आलटून-पालटून चालणार नाही, आणि भरण्याची जबाबदारी नावानिशी एका माणसावर टाका. फिरत्या संडासाचे तसेच. वीस माणसांना एक हे किमान माप आहे, बायकांचा वेगळा. आतून कडी आणि जवळ पाणी नसेल तर आठ दिवसांत त्यात चारा आणि गोवऱ्या भरलेल्या दिसतात, मग ‘त्यांना वापरायचेच नसते’ असा शेरा मारायला आपण मोकळे.

कोप्यांची, म्हणजे टोळीच्या तात्पुरत्या झोपड्यांची, जागा हंगामाआधी बघून ठेवा. स्मशानाजवळची, ओढ्यातली, विजेच्या तारेखालची नको. चुलीपासून पाचटाचा ढीग दहा पावले तरी लांब हवा. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि चावल्याचे पुष्कळदा कळतही नाही. विटांवर टेकवलेली फळी आणि अंथरुणाखाली खोचलेली मच्छरदाणी यांनी हा धोका खूप कमी होतो. दंश झाला तर आवळून बांधणे, कापणे, चोखणे काही नाही. हातपाय हलू न देता 108 ला फोन. कोणत्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशाची लस आहे त्याचे नाव चिटबॉयच्या मोबाइलमध्ये आधीपासून असू द्या. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात टोळीकडे जलसंजीवनीची पाकिटे हवीत. नसतील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या चमच्याने सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. साखर कारखान्याच्या फडावर साखर कमी पडू नये.

बायकांच्या तब्येतीबद्दल तुम्हाला आकडे माहीत आहेत. 2019 च्या सरकारी पाहणीत बीड जिल्ह्यात सुमारे 82 हजार ऊसतोड बायकांपैकी 13 हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यावर बातम्या झाल्या, परदेशी वृत्तपत्रांतही झाल्या. कारण समजायला डॉक्टर असायची गरज नाही. धुवायला पाणी नाही, बदलायला आडोसा नाही, दुखले तर खाडा, आणि गावाकडे खासगी डॉक्टर सांगतो की पिशवी काढून टाकली की कटकट मिटली. हे बीडमध्ये दिसले, तरी त्याची सुरुवात इथल्या फडांत होते. महिन्याला दोन दिवस पैसे न कापता सुट्टी, आठवड्याला नर्सताईची फेरी, गरोदर बाईला डोक्यावर मोळी आणि फळीवर चढणे पूर्ण बंद, तिने सोलणे-बांधणे करावे. मोळी वीस ते चाळीस किलोची बांधली जाते. ती लहान बांधली तर भराईला अर्धा तास जास्त लागतो, आणि तो वेळ ट्रॅक्टरमालकाने सोसायचा असतो. फळीला आडव्या पट्ट्या ठोका आणि भराईला दिवा द्या, पडण्याचे पुष्कळ प्रकार थांबतील.

लेकरांसाठी नवे काही उभे करू नका. टोळी उतरल्यापासून आठ दिवसांत नावांची यादी अंगणवाडी पर्यवेक्षिकेला आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. दाखला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, हे शिक्षणहक्क कायद्यात आहे. रेशनही आता कुठल्याही दुकानात मिळते. अंगठा जुळत नाही ही अडचण मात्र हमखास येते, कारण तोडणीने बोटांचे ठसे झिजतात.

आता जातीचे उघड बोलू. काही गावांत विहिरीला शिवू न देता वरूनच पाणी ओततात, काही मळ्यांत मोटार चालू असताना घागर भरू देत नाहीत. शेतकऱ्याकडून ‘खुशाली’, म्हणजे तोडीसाठी वरचे पैसे, मागणारी टोळी वाईट, हे आम्हालाही मान्य, ती प्रथा बंदच झाली पाहिजे. पण तिचा राग पाण्यावर काढायचा नाही. तोडणी प्रोग्रामच्या चिठ्ठीवर एक ओळ छापा की, तोड चालू असताना टोळीला पिण्याचे व वापरायचे पाणी देणे बागायतदारावर बंधनकारक आहे. नकार आला तर टोळी पुढच्या प्लॉटवर. हे हत्यार फक्त तुमच्याकडे आहे.

पारधी टोळ्यांचे दुखणे वेगळे. 1871 च्या इंग्रजी कायद्याने काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी गेला, पण गावात चोरी झाली की रात्री पहिली बॅटरी अजून त्यांच्याच कोपीवर पडते. कारखान्याने प्रत्येक मजुराला फोटोचे ओळखपत्र द्यावे, त्यावर शेती अधिकाऱ्याचा नंबर असावा. पोलीस ठाण्याला यादी द्यायची तर सगळ्या टोळ्यांची, एकाच नमुन्यात. एका जमातीची वेगळी नाही. चौकशी झाली तर तुमचा माणूस तिथे उभा राहील, हे आधीच ठरवा. ॲट्रॉसिटीचा कायदा अनुसूचित जाती-जमातींना संरक्षण देतो. बंजारा, वंजारी यांसारख्या विमुक्त-भटक्यांना तो लागू नाही. म्हणून जातिवाचक शिवी, वेगळे भांडे, लेकराला हाकलणे याबद्दल तुमचा स्वतःचा नियम हवा, आणि त्यात चिटबॉय, ड्रायव्हर, मुकादम सगळे आले पाहिजेत. तक्रारीचा फोन गट ऑफिसात ठेवू नका. ज्याच्याबद्दल तक्रार, त्याच्याच टेबलावर तो वाजतो.

हे कुठे झाले आहे का, असे विचाराल. फ्लोरिडातल्या इमोकली गावाभोवती टोमॅटो तोडणारे मजूर मेक्सिकन, ग्वाटेमालन, हैतीयन. वंश वेगळा, भाषा वेगळी, ठेकेदाराच्या कर्जात अडकलेले, काहींना तर कोंडून ठेवल्याचे खटले झाले. 2001 मध्ये त्यांनी टॅको बेलवर बहिष्कार पुकारला आणि 2005 मध्ये कंपनीने पौंडामागे एक सेंट जास्त देणे मान्य केले. पुढे मॅकडोनाल्ड्स आली, 2014 मध्ये वॉलमार्ट आली. त्या एका सेंटाहून मोलाच्या ठरल्या बारीक अटी. बादली काठापर्यंतच भरायची, वर शीग लावायची नाही. शेतात सावलीचा तंबू. मजुरांनीच मजुरांना कामाच्या वेळेत, मजुरी चालू ठेवून हक्क समजावायचे. चोवीस तास चालणारा फोन. आणि अट मोडणाऱ्या शेताचा माल खरेदीदारांनी घ्यायचाच नाही. या शेवटच्या कलमामुळे बाकीची टिकली. महात्मा फुल्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण. 1873 मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. तिकडचा अनुभव इकडे लागू होत नाही, असे निदान साताऱ्यात तरी म्हणू नये.

खर्चाचे गणित सोपे आहे. टनाला 10 रुपये बाजूला ठेवले तर 2,000 टन तोडणाऱ्या दहा कोयत्यांच्या टोळीमागे 20,000 रुपये जमतात. टाकी, ट्रेलर आणि संडास दुसऱ्या-तिसऱ्या हंगामालाही चालतात. पाच लाख टन गाळणाऱ्या कारखान्याला हे 50 लाख पडतात. 10.25 टक्के उताऱ्याला 2025-26 ची एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, टनाला 3,550 रुपये होती, त्यापुढे 10 रुपये किती? ते शेतकऱ्याच्या तोडणी-वाहतूक कपातीत मात्र घालू नका. साखर, इथेनॉल, वीज यांच्या उत्पन्नातून काढा. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाला टनामागे जे 10 रुपये जातात ते वेगळे. ते भरले म्हणून फडावर टाकी येत नाही. खासगी कारखान्यांनी हा खर्च सीएसआरमध्येही (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चात) दाखवू नये. धंद्याच्या नेहमीच्या कामाचा खर्च सीएसआर धरता येत नाही, आणि तोडणी हे तुमचे नेहमीचेच काम आहे. वार्षिक अहवालात वृक्षारोपणाच्या फोटोशेजारी आणखी एक फोटो नको, उत्पादन खर्चात एक ओळ हवी.

या सगळ्यातले एकच यंदा जमणार असेल तर वजनाचा मेसेज आणि छापील हिशेब घ्या. पाण्याची टाकी पुढच्या वर्षी नाहीशी होऊ शकते, पण टनेज एकदा मजुराच्या मोबाइलवर जायला लागले की ते मागे घेणे कुणालाही जड जाते.

दोन्ही जिल्ह्यांतल्या कारखान्यांच्या शेती अधिकाऱ्यांची एकत्र बैठक दसऱ्याच्या आधी, ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर) किंवा कराडला लावावी. उचलीच्या तीन हप्त्यांचा करारनामा, दोघांच्या सहीचे हिशेबपत्रक, ओळखपत्र आणि तोडणी चिठ्ठीवरच्या ओळीचा मजकूर यांचे कोरे नमुने आम्ही तयार ठेवले आहेत. बैठकीला टोळ्यांमधल्या किमान चार बाया बोलवाव्यात, आणि त्यांचा त्या दिवसाचा खाडा धरू नये.

आपले,
ऊसतोड टोळ्यांच्या हिशेबाचे आणि आरोग्याचे काम करणारे कार्यकर्ते,
सांगली-सातारा